नो वरीज म्हणतात, पण वरीज असतात: ऑस्ट्रेलियातली रोजची माणसं

यारावासी

मंडळी, मेलबर्नमध्ये येऊन या मार्चला मला अकरा वर्षं झाली. परवा ऑफिसात पुण्याहून नवीन आलेल्या एका मुलाला अर्धा तास समजावत होतो, की बॉस जे बोलला ते त्याला म्हणायचंच नव्हतं. मग वाटलं, हे आपल्यालाही कुणी सांगितलं नव्हतं, धडपडत शिकलो. म्हणून हा धागा.

झालं असं, की बॉसनं त्या मुलाला सांगितलं, "वेळ मिळाला तर जरा त्या रिपोर्टवर नजर टाक, घाई नाही." मुलगा सरळ. वेळ मिळाला नाही म्हणून नजर टाकली नाही. चौथ्या दिवशी बॉस पुन्हा टेबलापाशी आला आणि हसतहसत म्हणाला, "हाऊ वी गोइंग विथ दॅट वन, मेट?" यानंही हसून सांगितलं, "ऑल गुड!" शेजारी बसून घाम मला फुटला. इथे बॉसनं एकदा विचारलं म्हणजे काम आज हवंय. दुसऱ्यांदा विचारलं म्हणजे तो वैतागलाय. तिसऱ्यांदा विचारत नाहीत, एचआरच्या बाईंसोबत कॉफीला बोलावतात.

माझं मत असं झालंय, की हा देश बोलायला सैल आणि वागायला घट्ट आहे. आपलं नेमकं उलटं. आपण बोलताना सर, साहेब, मॅडम करून कमरेत वाकतो आणि नियमाची वेळ आली की "बघू, होऊन जाईल". इथे पंतप्रधान अँथनी अल्बनीज यांना अख्खा देश 'आल्बो' म्हणतो, प्रोफेसरला पहिल्या वर्षाचा पोरगा नावानं हाक मारतो, टॅक्सीत एकटा माणूस असला तर तो मागे न बसता ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. मागे बसलं तर ड्रायव्हरला नोकर समजल्यासारखं वाटतं म्हणे. आणि याच देशात मतदान १९२४ पासून सक्तीचं आहे, केंद्राच्या निवडणुकीत नाही केलं तर २० डॉलर दंड. सायकलवर हेल्मेटची सक्ती जगात सगळ्यांत आधी आमच्या व्हिक्टोरिया राज्यानं केली, १९९० साली. बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानांबाहेर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या मदतीसाठी सॉसेज भाजून विकतात, ते इथलं एक तीर्थक्षेत्रच. तिथे २०१८ मध्ये फर्मान निघालं, की कांदा सॉसेजच्या वर नाही, खाली घालायचा. का, तर कांदा जमिनीवर पडून कुणी घसरू नये. त्यावर आठवडाभर देशभर चर्चा. मी बायकोला म्हटलं, या लोकांना कोण निवांत म्हणतं?

तुमचे अनुभव लिहा. कौतुक, तक्रार दोन्ही चालेल. फक्त "आपल्याकडे हे असं कधी होणार" हे वाक्य कृपया नको.

टोणगा

पहिला!

यारावासी, मस्त विषय. शब्दकोशात भर घाला: "यॅ, नाह" म्हणजे नाही. "नाह, यॅ" म्हणजे हो. "नॉट बॅड" म्हणजे उत्तम. "इंटरेस्टिंग" म्हणजे तुमची कल्पना भंगार आहे. "शी'ल बी राइट" (होईल सगळं ठीक) ऐकलं की मी तो नळ दुसऱ्या प्लंबरला दाखवतो.

चहाबाज

सिडनी, वेंटवर्थव्हिल. माझी फजिती सांगतो, 'शाउट'ची.

पहिल्या नोकरीत दर शुक्रवारी चारनंतर टोळकं पबमध्ये जायचं. मी पीत नाही. कुणीतरी विचारलं काय घेणार, मी लेमन लाइम बिटर्स सांगितलं. (त्यातल्या बिटर्समध्ये थेंबभर दारू असते हे मला तीन वर्षांनी कळलं. आईला अजून कळलेलं नाही.) पैसे काढायला गेलो तर "नो वरीज, मेट". वा, केवढी दिलदार माणसं! घरी फोन करून सांगितलंसुद्धा. असे पाच शुक्रवार गेले. सहाव्या शुक्रवारी मला कुणी काही विचारलंच नाही. बोलणं तेच, हसणं तेच, पण माझ्या हातात ग्लास नाही.

शेवटी टीममधल्या एका म्हाताऱ्या ग्रीक गृहस्थांनी बाजूला घेतलं. म्हणाले, चौघं असले तर चार फेऱ्या, प्रत्येकाची एक, यालाच 'शाउट' म्हणतात. तुझ्याकडे पाच आठवड्यांची बाकी आहे. तू काय पितोस याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, साधं पाणी पी, पण पाळी चुकवू नकोस. पुढच्या शुक्रवारी मी आठ जणांची फेरी केली. खिसा हलका झाला. पण सोमवारी लिफ्टमध्ये लोक परत माझ्याशी पावसावर बोलायला लागले.

पाच आठवडे मी अख्ख्या ऑफिसात चिंगूस ठरलो होतो आणि तोंडावर एकानंही दाखवलं नाही. यारावासींच्या बॉसची गोष्ट हीच.

यारावासी

@चहाबाज, हेच ते! आपल्याकडे पहिल्याच शुक्रवारी कुणीतरी ओरडलं असतं, "ए, काढ की पाकीट!" आणि विषय तिथेच संपला असता.

पर्थचा_पाटील

मी खाणीवाला. पर्थहून विमानानं पिलबराला जायचं, आठ दिवस काम, सहा दिवस घरी. फिफो म्हणतात याला, फ्लाय इन फ्लाय आउट. तुमचे पब-बिब ऑफिसवाल्यांचे चोचले. आमच्याकडे पहाटे पाचला गेटवर फुंकर मारायची. आकडा ०.०० आला पाहिजे. आदल्या रात्रीची एखादी जास्तीची बिअर उरली असेल तर त्या दिवशी काम बंद आणि पुढची चौकशी वेगळी.

आता माझी गोष्ट. मी चाकणला एका कारखान्यात नऊ वर्षं मेंटेनन्स बघितलं होतं, म्हणजे आपण कुणीतरी आहोत हे डोक्यात घेऊनच इथे आलो. दुसऱ्याच महिन्यात एका कन्व्हेयरच्या कामाला हात घालणार, तर एकोणीस वर्षांची अप्रेंटिस पोरगी म्हणाली, "स्टॉप." कारण? मशीनचा वीजपुरवठा तोडून त्यावर प्रत्येकानं आपापलं कुलूप लावायचं असतं. बाकी सगळ्यांची कुलपं लागली होती, माझं नव्हतं. मी म्हटलं, अगं, सहा कुलपं आहेत, सातव्यानं काय होणार? ती हलली नाही. मी जरा आवाज चढवला. सुपरिंटेंडेंट आला. मला वाटलं, आता हिला झापणार. त्यानं सगळ्यांसमोर तिचे आभार मानले आणि मला बाजूला नेऊन शांतपणे विचारलं, "तुझ्या खिशातलं टेक फाइव्हचं पुस्तक शेवटचं कधी भरलंस?" (काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं थांबून धोके लिहायचे, त्याची वही.)

त्या रात्री झोप लागली नाही. राग पोरीचा नव्हता. चाकणला माझ्या हाताखालचा हेल्पर मला कधी "थांबा" म्हणाला असता का, हे आठवत होतो. "साहेब, होईल" एवढंच म्हणायचा तो. आणि एकदा त्याच्या बोटावर बेतलंही होतं. तेव्हा आम्ही त्यालाच वेंधळा ठरवलं.

म्हणून यारावासींच्या 'बोलायला सैल, वागायला घट्ट'मध्ये एक दुरुस्ती. नावानं हाक मारायची सवय आहे म्हणूनच एकोणीस वर्षांची पोर सुपरवायझरला थांब म्हणू शकते. मला सर म्हणत असती तर बोलली नसती.

टोणगा

पाटील, जबरदस्त. धाग्याचं सार्थक झालं.

घारापुरी

सगळे आरती ओवाळताय म्हणून जरा उलटं लिहितो. नऊ वर्षं तिकडे काढून आता पुण्यात परत आलोय, त्यामुळे मला कुणाचं मन राखायचं नाही.

एकाच टीममध्ये सहा वर्षं शेजारी बसलेल्या माणसाच्या घरी मी एकदाही गेलो नाही. त्याला मुलं किती हे मला ठाऊक, कुत्र्याचं नाव ठाऊक, गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या पायाचं झालं तेही ठाऊक. रोज सकाळी "हाऊ वॉज युअर वीकेंड". मी एकदा खरं उत्तर दिलं. वडील आजारी होते, वीकेंड वाईट गेला म्हणालो. त्याचा चेहरा असा झाला, की मीच त्याची समजूत काढली. निघताना केक कापला, कार्डावर सतरा सह्या, "कीप इन टच". एकाचाही मेल नाही.

इथे आल्यावर सोसायटीतले काका दुसऱ्या दिवशी विचारायला आले, पगार किती, तिकडचं घर विकलं का, परत का आलात. डोक्यात तिडीक गेली. पण आठव्या दिवशी मला डेंग्यू झाला तेव्हा तेच काका रात्री दोनला गाडी काढून हॉस्पिटलात आले. मला तिडीक परवडली.

सावली

घारापुरी, तुमचं दुखणं खरं आहे, पण जागा चुकली असं वाटतं. माझं मत सांगते. मी ॲडलेडला नर्स आहे, चौदा वर्षं.

इथली माणसं गप्पांसाठी भेटत नाहीत, काहीतरी करायला भेटतात. ऑफिसातल्या माणसाकडून घरच्या आमंत्रणाची वाट बघत बसाल तर बसूनच राहाल. माझ्या दोन मैत्रिणी आहेत, अगदी जिवाभावाच्या, दोघी गोऱ्या. एक मुलाच्या फुटबॉल क्लबात भेटली. शनिवारी सकाळी आठला, थंडीत, हाफटाइमला पोरांना द्यायच्या संत्र्यांच्या फोडी कापायची आमची दोघींची पाळी होती. तीन सीझन संत्री कापली. पहिल्या सीझनला आम्ही हवामान बोललो, दुसऱ्याला शाळा, तिसऱ्याला तिचा घटस्फोट. माझे बाबा गेले तेव्हा मी नाशिकला पळाले आणि तिनं न सांगता तीन आठवडे माझ्या मुलांना शाळेत नेलं-आणलं. परत आले तर फ्रीझरमध्ये लसान्याचे डबे, वर चिकटपट्टी लावून तारखा लिहिलेल्या.

पण तीन सीझन लागले हे खरंच. आणि कामाच्या जागेचं आणि घरचं खातं वेगळं ठेवायची यांची रीत मला सुरुवातीला थंडपणा वाटायची. आता वाटतं, बरंच आहे. ड्युटी संपली की कुणी फोन करत नाही. २०२४ च्या ऑगस्टपासून तर कायदाच आला, कामाच्या वेळेबाहेर बॉसच्या फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क.

हॉस्पिटलातलं एक सांगते आणि थांबते, ड्युटी आहे. मागच्या हिवाळ्यात ८८ वर्षांच्या एक आजी पडून आल्या होत्या. मुलगी त्याच शहरात, वीस मिनिटांवर. मी आपली मराठी बुद्धीनं विचारलं, आता मुलीकडे जाणार ना? आजी एवढ्या चिडल्या! "माझं घर आहे की मला!" आपल्याकडे आईवडील एकटे राहिले तर मुलांना लाज वाटते, इथे मुलांकडे राहायची वेळ आली तर आईवडिलांना वाटते. त्यांचं जेवण मील्स ऑन व्हील्सवाले आणतात. ही चळवळ आमच्या साउथ ऑस्ट्रेलियात १९५३ मध्ये डोरिस टेलर नावाच्या बाईंनी सुरू केली, त्या स्वतः व्हीलचेअरवर होत्या. आजींना डबा आणून देणारा स्वयंसेवक किती वर्षांचा असेल? ७८. मला म्हणाला, "या म्हाताऱ्यांना मदत करायला बरं वाटतं."

चहाबाज

७८ वर्षांचा "या म्हाताऱ्यांना"! हसून पुरेवाट.

घारापुरी

सावलीताई, संत्र्यांचं पटलं. मला मुलं नव्हती, फुटबॉल कळत नाही आणि शनिवारी मी झोपायचो. त्यामुळे माझा दोष अर्धा मानतो. अर्धाच.

कंदील

नमस्कार, मी इथे नवीन. सिडनीत मास्टर्स करतोय. सगळे नोकरीवाले बोलताय, तर आमचीही बाजू.

स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. कायद्यानं किमान वेतन १ जुलै २०२५ ला तासाला २४.९५ डॉलर झालं, आणि कॅज्युअल असाल तर त्यावर २५ टक्के जास्त, कारण रजा मिळत नाही. हे मला आल्यावर सहा महिन्यांनी कळलं. तोवर मी एका रेस्टॉरंटमध्ये तासाला १४ रोख घेऊन भांडी घासत होतो. मालक आपलेच, म्हणजे अगदी मराठी बोलणारे. "तुला घरचं जेवण मिळतंय ना बाळा" म्हणायचे. जेवण खरंच चांगलं होतं हो. पण हिशोब केला तेव्हा ती पिठलं-भाकरी मला ताटाला पन्नास डॉलरला पडत होती.

मग एका गोऱ्याच्या कॅफेत लागलो. पहिल्याच दिवशी त्यानं कागद हातात दिला, तास लिहिलेले, दर लिहिलेला, सुपर म्हणजे निवृत्तीसाठीचे १२ टक्के वेगळे भरणार असं लिहिलेलं. कधी "बाळा" म्हणाला नाही. एकदा दहा मिनिटं उशिरा पोचलो तर फक्त घड्याळाकडे बघितलं. मला दोघांपैकी जवळचं कोण वाटतं, हे अजून ठरवता आलेलं नाही.

अवांतर: माझ्या खोलीतलं टेबल, खुर्ची आणि पुस्तकांचं कपाट, तिन्ही हार्ड रबिशमधून (लोक घराबाहेर टाकून देतात ते मोठं सामान) रस्त्याच्या कडेनं उचललेलं आहे. आईला सांगितलं, मित्रानं दिलं.

यारावासी

@कंदील, फेअर वर्क ओम्बड्समनकडे जुनी बाकीही मागता येते, सहा वर्षं मागेपर्यंतची. तास लिहून ठेवले असतील ती वही जपून ठेवा. आणि "आपलेच" या शब्दाला मी आता घाबरतो.

पर्थचा_पाटील

कंदील, नाव नको लिहू, पण वही ठेव. आणि पर्थला आलास तर जेवायला ये. फुकट. बाळा म्हणणार नाही.

रानजाई

टॉल पॉपीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? शेतातलं एखादं खसखशीचं झाड बाकीच्यांपेक्षा उंच वाढलं की त्याचा शेंडा छाटायचा, तसं इथे पुढे गेलेल्याला खाली ओढतात म्हणे. आपली खेकड्यांची बरणीच की.

यारावासी

रानजाई, मला पूर्वी तसंच वाटायचं. आता वाटतं फरक आहे. आपला खेकडा वर चढणाऱ्याचा पाय ओढतो. इथे वर चढायला कुणाची ना नाही, वर जाऊन "बघा मी वर आलो" म्हणालात की संपलं. क्रिकेटर शतक ठोकून मुलाखत देतो तेव्हा ऐका: "संघासाठी थोडं काही करता आलं, बरं वाटलं, मुलांनी छान साथ दिली." शतक जणू चुकून झालं.

आपल्या मुलांची पंचाईत इथेच होते. शाळेत पहिला आला की आपण मंडळाच्या गणपतीत स्टेजवर बोलावून सत्कार करतो, नारळ देतो. माझ्या मुलीला गणितात बक्षीस मिळालं, मी उत्साहानं तिच्या मैत्रिणीच्या आईला सांगितलं. गाडीत बसल्यावर मुलगी रडायला लागली. "बाबा, तू असं का सांगितलंस?" तिला लाज वाटली होती. मला अजून ती लाज पूर्ण समजलेली नाही. पण त्यानंतर मी गप्प असतो, आणि फुशारकी मारायची खुमखुमी आली की बहिणीला फोन लावतो.

टोणगा

आणि इंटरव्ह्यूला मात्र स्वतःची टिमकी वाजवा म्हणतात. "आय" किती आणि "वी" किती याचं प्रमाण चटणीतल्या मिठासारखं. मी चार नोकऱ्या गमावल्या, दोन मीठ कमी म्हणून, दोन जास्त म्हणून.

मुळामुठा

इतकं गोडगोड चाललंय तर कडू घोट मीच पाजतो. २००९ मध्ये मी मेलबर्नला विद्यार्थी होतो. रात्रीच्या ट्रेनमध्ये भारतीय पोरांना मारहाण होत होती, आम्ही शेवटची गाडी टाळायचो, फोन आणि लॅपटॉप लपवून चालायचो. ३१ मे २००९ ला फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर हजारो विद्यार्थी रस्त्यावर बसले, त्यांत मीही होतो. तेव्हा इथले बरेच लोक म्हणत होते, हा वर्णद्वेष नाही, साध्या लुटालुटी आहेत. ज्याच्या मित्राच्या कपाळावर टाके पडले होते त्याला हा फरक काय कामाचा?

मधली वर्षं बरी गेली. मग ३१ ऑगस्ट २०२५ ला देशभर स्थलांतरविरोधी मोर्चे निघाले आणि त्यांच्या पत्रकात भारतीयांचं चक्क नाव घेतलेलं. माझ्या सातवीतल्या मुलानं ते फोनवर वाचलं आणि विचारलं, "डॅड, इज धिस अस?" तो इथे जन्मलाय. क्रिकेटमध्ये ऑस्ट्रेलियाची पिवळी जर्सी घालतो आणि त्यावरून माझ्याशी भांडतो.

यारावासी म्हणतात तो सैलपणा आहे ना, त्यात एक मेख आहे. "जस्ट जोकिंग, मेट." कुणी तुमच्या डब्याच्या वासावरून बोललं आणि तुम्ही हसला नाहीत, तर चूक तुमची. विनोद कळत नाही म्हणणार. मी बरीच वर्षं हसलो. आता हसत नाही, फक्त बघत राहतो. चार सेकंद पुरतात.

सावली

मुळामुठा, पटलं. एक जोड देते. माझ्या वॉर्डात एक इटालियन आजोबा होते, ते सांगायचे, पन्नासच्या दशकात शाळेत त्यांच्या सलामीच्या सँडविचचा वास येतो म्हणून पोरं नाक धरायची. त्यांना 'वॉग' अशी शिवी द्यायची. आज त्याच लोकांची कॉफी पिऊन देशाची सकाळ होते. १९०१ पासून १९७३ पर्यंत इथे गोऱ्यांचाच ऑस्ट्रेलिया हे धोरण होतं, आणि २०२१ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडनंतर भारताचा नंबर लागला. आजोबा म्हणायचे, प्रत्येक बोट नंतर आलेल्या बोटीवर थुंकते. ते स्वतः व्हिएतनामी लोकांबद्दल काय बोलायचे ते इथे लिहीत नाही.

मुळामुठा

हो, आणि आपण? आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांबद्दल जे फॉरवर्ड येतात ते वाचलेत का? प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला त्यांच्या भूमीला वंदन करतात, तेव्हा आपली मंडळी फोन चाळत असतात. त्यांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारी संस्था घटनेत आणायची का, या २०२३ च्या सार्वमताच्या वेळी 'आपल्याला काय त्याचं' म्हणणारे किती होते! साठ हजार वर्षं इथे असलेल्या माणसांकडे आपण काल आलेल्यांच्या चष्म्यातून बघतो.

यारावासी

याला उत्तर नाही माझ्याकडे. मीही फोन चाळलाय.

रानजाई

विषय थोडा हलका करते. रजा! माझी मॅनेजर एकाच ठिकाणी दहा वर्षं झाली म्हणून लाँग सर्व्हिस लीव्ह घेऊन गेली, वार्षिक रजा जोडून तीन महिने. नवरा-बायको कॅराव्हॅन ओढत डार्विनपर्यंत. जाताना कुणाला अपराधी वाटलं नाही, ना तिला, ना आम्हाला. ही रजा म्हणे वसाहतीच्या काळात इंग्लंडला बोटीनं घरी जाऊन येता यावं म्हणून सरकारी नोकरांना दिली होती. बोटी गेल्या, रजा राहिली.

मी मात्र अजून तापात लॉगिन करते. मागच्या महिन्यात मॅनेजरनं कॅमेऱ्यात माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "लॅपटॉप बंद कर. हे शौर्य नाही, बेशिस्त आहे." हसत म्हणाली. यारावासींचं कोष्टक लावलं तर म्हणजे ती चिडली होती!

पर्थचा_पाटील

मेलबर्नला कार्लटनजवळ ट्रेड्स हॉलसमोर एक स्तंभ आहे, वर ८८८ असे आकडे. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास झोप. १८५६ च्या एप्रिलमध्ये तिथल्या विद्यापीठाचं बांधकाम करणारे पाथरवट हत्यारं ठेवून मोर्च्यानं निघाले आणि आठ तासांचा दिवस मिळवला. पाचला उठून जाणारा माणूस आळशी नाही, त्याच्या मागे हे आहे. आपल्या नारायण मेघाजी लोखंडेंनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळवून दिली, ती आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? रविवारी लॉगिन करताना तरी आठवावी.

घारापुरी

पाटील, पुण्यातून आज रविवारी दुपारी साडेतीनला, कॉल चालू असताना म्यूट करून हे लिहितोय. लागलं.

आजी_सध्या_ब्रिस्बेनात

सर्वांना नमस्कार. नातवानं लॉगिन करून दिलं आहे, चुका पोटात घाला. मी मिरजेची, लेकाकडे सहा महिन्यांसाठी आले आहे.

पहिले पंधरा दिवस मला वाटलं गावात कर्फ्यू लागलाय. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणाच्या घरातून कुकरची शिट्टी नाही, भांडण नाही. मी सुनेला विचारलं, इथे माणसं राहतात ना गं? मग सकाळी फिरायला लागले. समोरून येणारा प्रत्येक माणूस गुड मॉर्निंग म्हणतो. ओळख ना पाळख! मिरजेत अनोळखी बाईला असं कुणी म्हटलं तर चप्पल काढावी लागेल. आता मीच आधी म्हणते.

बस मला फार आवडते. पन्नास सेंटात कुठेही जा. आणि उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, अगदी मागच्या दारानं उतरणारी पोरंसुद्धा ओरडून म्हणतात. मीही म्हणते. परवा चुकून "येते हं" म्हणाले, तर तो हात हलवून "नो वरीज, डार्लिंग" म्हणाला. ७१ वर्षांत मला कुणी डार्लिंग म्हटलं नव्हतं. यांनीसुद्धा नाही.

लायब्ररीत मंगळवारी विणकाम करणाऱ्या बायका बसतात. मला इंग्रजी फारसं येत नाही, पण टाके तेच असतात. त्यांनी सांगितलं, पुढच्या वेळी "ब्रिंग अ प्लेट". सून घरी नव्हती. मी स्टीलची चांगली ताटली पिशवीत घालून नेली, वाटलं भांडी कमी असतील. तिथे सगळ्यांनी खाऊ आणलेला! मी एवढीशी झाले. तर त्यातल्या एकीनं ताटली घेतली, त्यात चार केकचे तुकडे ठेवले आणि म्हणाली "लव्हली प्लेट". आता दर मंगळवारी मी त्याच ताटलीतून शंकरपाळी नेते आणि ती ताटली बघून सगळ्या हसतात.

एक विचारायचं आहे. इथे कोपऱ्यावरच्या झाडावर काळापांढरा मॅगपाय पक्षी आहे, तो आठवडाभर माझ्या डोक्यावर झडप घालतोय. बाकी कुणाला काही करत नाही. काय करावं?

टोणगा

आजी, तुम्ही धागा जिंकलात.

मॅगपायचं: हा त्यांचा पिल्लांचा मोसम. संरक्षित पक्षी आहे, काही मारू-बिरू नका. तो माणसांचे चेहरे ओळखून ठेवतो, त्यामुळे एकदा शत्रू ठरलात की ठरलात. इथले सायकलवाले हेल्मेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्या खोचून साळिंदरासारखे फिरतात ते त्याच्यासाठीच. तुम्ही छत्री उघडून जा.

आजी_सध्या_ब्रिस्बेनात

छत्री नेली. छत्रीवर बसला.

चेहरे ओळखतो म्हणता, तर शंकरपाळी टाकून ओळख वाढवून बघू का?

सावली

आजी, नको! काउन्सिलवाले खायला घालू नका म्हणतात, त्यांच्या पोटाला बरं नसतं. दुसऱ्या गल्लीनं जा काही आठवडे.

आजी_सध्या_ब्रिस्बेनात

दुसऱ्या गल्लीत बसचा थांबा नाही. नातू म्हणतो टोपीला मागून डोळे काढून देतो, गुगली डोळे मिळतात म्हणे दुकानात. उद्या लावून जाते आणि कळवते.